पेट्रोलचा काटा नसलेलं विमान

आमचे अण्णा विमान आतून ओळखायचे, बाहेरून नाही. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आणि प्रत्येकाला मी गंमत करतेय असंच वाटलं. पण ते अगदी खरं आहे. अण्णा विमानांच्या कारखान्यात होते आणि त्यांच्याकडे काम होतं कॉकपिटमधल्या डायल्सचं. वेगाची, उंचीची, तेलाच्या दाबाची अशी एकेक डायल काढायची, टेबलावर उघडायची, साफ करायची, काटा ताळ्यावर आणायचा आणि परत जागच्या जागी बसवायची. दुरुस्तीला आलेलं विमान कधी अख्खं नसायचंच. पंख एकीकडे, शेपूट तिसरीकडे, चहूबाजूंनी शिड्या आणि फळ्या. अण्णा शिडीवरून जे आत उतरायचे ते जेवणाच्या सुट्टीलाच वर यायचे. सबंध विमान बाहेरून कसं दिसतं याच्याशी त्यांचा फारसा संबंध आला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची उत्सुकताही नव्हती.

मी शाळेत असताना आम्ही मामाच्या गावी गेलो होतो. तिथे एका बागेत निवृत्त झालेलं एक विमान चौथऱ्यावर चढवून ठेवलं होतं. मामाने मोठ्या कौतुकाने विचारलं, "काय दाजी, कोणतं हो हे?" अण्णांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली, हनुवटी खाजवली आणि शेवटी जाऊन बागेच्या वॉचमनला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. मग अण्णांनी चपला काढल्या, चौथऱ्यावर चढले, पंखावर पोट टेकवून काचेला डोळे लावले आणि तिथूनच ओरडले, "अरे, हा तर व्हॅम्पायर! याच्या उंचीच्या काट्याने उमेदवारीत माझा जीव खाल्ला होता!" बागेतली पोरं गोळा झाली. आई खालून म्हणाली, "उतरा आता. लोकांना वाटेल काहीतरी उचकटताय." त्यानंतर मामा दर दिवाळीला ही गोष्ट सांगायचा, आणि अण्णा दर दिवाळीला ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

कारखान्यातलं काही घरी बोलायचं नाही अशी सक्त ताकीद असायची आणि अण्णा ती एकादशीच्या उपासासारखी पाळायचे. आज कोणतं विमान आलं, कोणतं गेलं, अवाक्षर नाही. आईने "उशीर का झाला" म्हणून विचारलं तरी "काम होतं" याच्यापुढे गाडी सरकायची नाही. पण माणसाला बोलायला तर लागतंच. मग त्यांनी एक तोड काढली. ज्यांच्याबद्दल बोलायला कुणाचीच हरकत नाही अशी विमानं म्हणजे मेलेली विमानं. जगात एखाददुसरं उरलेलं, कधी तेही नाही, अशा जुन्या विमानांच्या कॉकपिटचे फोटो त्यांनी जमवून एका वहीत चिकटवायला घेतले. आई त्या वहीला 'काट्यांचं पुस्तक' म्हणायची आणि पाहुणे येणार असले की ती सगळ्यात आधी कपाटावर टाकायची.

नाशिकरोडच्या जेल रोडला आमचं बैठं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे पत्र्याची पडवी. सकाळी कारखान्याच्या बसचा हॉर्न, दुपारी देवळालीकडून तोफांच्या सरावाचे दणके आणि त्यावर खिडकीच्या काचांची थरथर, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या. तोफांचा सराव सुरू झाला की आई फडताळातल्या बरण्या बोटाने मागे सरकवायची आणि नव्या माणसाला सांगायची, "काही नाही हो, रोजचंच आहे." घरात जिथे जिथे काटा होता तिथे तिथे अण्णांचा हात फिरलेला होता. त्यांची एक पद्धत होती. सगळं ठीक चाललेलं असताना काटा सरळ वर उभा दिसला पाहिजे, आणि त्यासाठी ते अख्खी डायलच फिरवून बसवायचे. जुने मेकॅनिक विमानातही असं करायचे म्हणे. म्हणजे वैमानिकाला आकडे वाचत बसायला नको. सगळे काटे उभे असले की ठीक, एखादा कलला की फक्त तिकडे बघायचं. आमच्या टीव्हीच्या स्टॅबिलायझरची डायल अशीच तिरकी होती, आकडे सगळे कलंडलेले. आईच्या स्वयंपाकघरातला वजनकाटाही त्यांनी एकदा फिरवला. त्यानंतर अर्धा किलोला काटा ताठ उभा राहायला लागला आणि बाकीची वजनं वाचायची तर मान वाकडी करावी लागायची. आईने तीन दिवस सहन केलं आणि चौथ्या दिवशी शेजारच्या पाटीलकाकूंचा काटा आणून ओट्यावर ठेवला. आज इतक्या वर्षांनीही गाडीत बसले की वेगाच्या काट्याकडे बघताना माझी मान आपोआप तिरकी होते, आणि मुलगा विचारतो, "आई, तुझी मान दुखतेय का?"

फोटो यायचे भद्रकालीतल्या शकूरचाचांच्या रद्दीच्या दुकानातून. देवळालीच्या जुन्या बंगल्यांमधून परदेशी मासिकांचे गठ्ठे त्यांच्याकडे यायचे. त्यातली कॉकपिटची पानं ते अण्णांसाठी वेगळी काढून ठेवायचे. "साब, आपके घड़ीवाले फोटो आए हैं," ते म्हणायचे. इतक्या डायल्स बघून चाचांची समजूत झाली होती की अण्णांचं घड्याळांचं दुकान आहे. अण्णांनी ती कधी दुरुस्त केली नाही. एकदा तर चाचांनी आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं आणि अण्णा ते निमूट घरी आणून दुरुस्त करून परत देऊन आले.

रविवारी सकाळी एकलहऱ्याहून कुलथेकाका सायकल मारत यायचे. ते तिथल्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते, म्हणजे आठ-आठ तास डायल्सच्या भिंतीसमोर बसायचं काम. त्यामुळे दोघांचं मेतकूट. कोपऱ्यावरून मिसळ यायची, सोबत दही आणि पापड, आणि पडवीत सतरंजीवर डाव मांडला जायचा. एकाने फोटो धरायचा, छापील नावावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा आणि दुसऱ्याने विमान ओळखायचं. नियम एकच, पण कडक. आधी काय दिसतंय ते सांगायचं, निदान तीन गोष्टी, आणि मगच नाव घ्यायचं. दिसलेलं सांगायच्या आधी नाव घेतलं की बाद, मग नाव बरोबर असलं तरीही. कुलथेकाका हमखास बाद व्हायचे. त्यांना धीर नसायचा. "अहो, डकोटा आहे, डकोटा!" ते ओरडायचे, आणि अण्णा शांतपणे म्हणायचे, "असेल. पण तुम्ही बाद."

अण्णांची बघण्याची तऱ्हा वेगळी होती. काटे ते सगळ्यात शेवटी बघायचे. "काटे काय, कोणीही बदलतं. मीच किती बदललेत," असं म्हणायचे. आधी ते रंग कुठे उडालाय ते बघायचे. विमान वळवायच्या दांड्यावर हात कुठे घासलाय, पाय ठेवून ठेवून कुठली पट्टी पांढरी पडलीय, सीटच्या कुठल्या बाजूचं कातडं आधी फाटलंय. "माणूस जिथे हात ठेवतो तिथे विमान खरं बोलतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. हीच विद्या ते घरातही चालवायचे. फडताळाच्या दाराचा रंग कुठे गेलाय ते बघून आईने लाडवांचा डबा कुठल्या खणात लपवलाय हे त्यांनी एका दिवाळीत ओळखलं, आणि पुढचे दोन दिवस आई त्यांच्याशी बोलली नाही.

दहावीच्या सुट्टीत मी सतरंजीवर जाऊन बसले ती कायमची. माझी नजर चांगली होती, पाठांतर त्याहून चांगलं होतं, आणि जीभ तर त्याहूनही. कॉलेजात गेले तोवर नाशिकरोडला सायबर कॅफे निघाले होते. तिथे मला इंटरनेटवर एक अड्डा सापडला. जगभरातली काही खुळी माणसं दर शनिवारी एका कॉकपिटचा फोटो टाकायची आणि ओळखा म्हणायची. मी फोटोची छापील प्रत घरी आणायची, अण्णा ओळखायचे आणि सोमवारी मी 'नाशिक' या नावाने उत्तर टंकायची. अण्णांनी त्या कॅफेत कधी पाऊल टाकलं नाही, कारण दारात चपला काढायला लागायच्या आणि आत गारठा असायचा. पण त्यांची उत्तरं चुकायची नाहीत. तिकडच्या एकाने विचारलं, तुमच्याकडे संग्रहालय आहे का? अण्णा म्हणाले, "सांग त्याला, पत्र्याची पडवी आहे." हळूहळू मी काही उत्तरं त्यांना न विचारताच द्यायला लागले. तीही बरोबर येत गेली. डोक्यात हवा जायला एवढं पुरतं, आणि माझ्या डोक्यात ती चांगलीच गेली होती.

अशात एका दुपारी यमुनाबाई आल्या. अण्णा आणि कुलथेकाका एका लग्नासाठी इगतपुरीला गेले होते, दोन दिवसांनी यायचे होते. घरात मी आणि आई. दारात साठीच्या एक बाई उभ्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. कुलथेकाकूंचं माहेर सिन्नरचं, त्यांच्या ओळखीने त्या एसटीने आल्या होत्या.

"साहेब हायेत का? कुलथ्यांच्या बाईंनी सांगितलं, निस्ता फोटो बघून विमान सांगतात म्हणून."

आईने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि पिठलं-भाकरीचं ताट पुढे सरकवलं. यमुनाबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो काढला. जुना, कडा पिवळ्या पडलेला. कॉकपिटमध्ये बसलेला विशीतला एक मुलगा, मिशी नुकती फुटलेली, हात दांड्यावर, छाती अशी काढलेली की शर्टाची बटणं ताणली गेलीत.

"हे आमचे मालक. केरूनाना. लग्नाच्या आधी चार वर्षं लांब तिकडं उत्तरेत नोकरीला होते, विमानं शिकवायची जागा होती तिथं. मग घरचं बोलावणं आलं, सिन्नरला येऊन गिरणी टाकली. पण ते विमान काय डोक्यातून गेलं नाय. दळण घेऊन माणसं बसली का यांचं सुरू. मी विमान असं नेलं, तसं आणलं. ढगात शिरलो, काय दिसंना, निस्त्या काट्यावर खाली उतरवलं. सगळं सिन्नर पायलटनाना म्हणायचं. मान द्यायला नाय, हसायला."

"आणि तुम्ही?" आईने विचारलं.

"मी तर सगळ्यात जास्ती हसायची. घरात रोज भांडण. म्हणायची, पायलटसाहेब, आधी जात्याचा पट्टा चढवा." बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "मागल्या साली गेले. शेवटच्या आजारात मला म्हणले, यमुने, तुला तरी पटतं का गं? मी म्हणले, पडा गप. तेवढंच राहिलं बघा मनात. आता पेटीत हा फोटो सापडला. साहेबांना एवढंच विचारायचं, हे खरं का खोटं? खरं असंल तर मी त्या माणसाला जल्मभर उगाच बोलले."

आता खरं तर मी म्हणायला हवं होतं की अण्णा आले की सांगते. पण फोटो माझ्या हातात होता आणि माझे डोळे त्या मुलासमोरच्या सहा डायल्सवर होते. त्या काळच्या इंग्रजी बनावटीच्या विमानांत त्या सहा डायल्स तशाच ओळीने बसवायचे. दांड्याच्या टोकाला पकडायला गोल कडं होतं, लढाऊ विमानात असतं तसं. आमच्या पुस्तकात एकच पान मोकळं होतं, टेम्पेस्टचं. कित्येक महिने मी त्या विमानाच्या कॉकपिटचा फोटो शोधत होते. मला तेच हवं होतं, म्हणून मला तेच दिसलं.

"टेम्पेस्ट!" मी जवळजवळ ओरडलेच. "अहो मावशी, हे साधंसुधं विमान नाही. लढाऊ आहे. जगात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील."

"म्हंजे खरं होतं?"

"खरं म्हणजे काय! शंभर टक्के खरं."

बाईंनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. त्यांनी परत तो उचलला नाही. पाणी मागितलं, प्यायल्या, आणि फोटो साहेबांनाही दाखवा, मग कधी तरी न्यायला येईन म्हणून निघाल्या. दारात चपला घालताना त्यांची एक चप्पल दोनदा पायातून निसटली. आई म्हणाली, "बिचाऱ्या जेवल्याच नाहीत." मी म्हटलं, "आनंदाने भूक गेली असेल." त्या वयात मला माणसांपेक्षा डायल्स जास्त कळायच्या, आणि त्याही किती कळायच्या ते दोनच दिवसांत कळलं.

अण्णा आले ते लग्नातले लाडू घेऊन. मी त्यांना पाय धुऊ दिले नाहीत, फोटो नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, भिंग काढलं, पडवीत उजेडाला जाऊन बसले.

"काय दिसतंय सांग."

"टेम्पेस्ट."

"नाव नको. दिसतंय ते सांग."

मी सहा डायल्स सांगितल्या, कडं सांगितलं, सीट सांगितली. ते हूं हूं करत होते. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"यात पेट्रोलचा काटा दाखव."

मी शोधला. डावीकडे, उजवीकडे, खाली गुडघ्यांपाशी. नव्हता.

"तेलाचा?"

तोही नव्हता.

"पेट्रोल नाही, तेल नाही. मग हे चालतं कशावर, मिसळीवर?" अण्णा म्हणाले, पण हसले नाहीत. "आणि या डायलच्या काचेवर बघ, पांढरी रेघ. ती ट्यूबलाइट आहे, वैशू. हे खोलीत आहे. पायापाशी लाकूड दिसतंय बघ. विमान नाही हे, शिकाऊ पोरांसाठी केलेली पेटी आहे. आपल्या बाजाच्या पेटीला भाता असतो ना, तसे मोठे भाते खाली असतात. हवा भरली की पेटी डुलते, कलते, गोल फिरते. वरून झाकण लावायचं म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही, नुसत्या काट्यांवर चालवायला शिकायचं. उमेदवारीत मी एकीचे भाते शिवलेत. जमिनीला पक्की बसवलेली असते ती."

अण्णांनी विचारलं, "त्या बाईंना काय सांगितलंस?" मी सांगितलं. शंभर टक्के हा शब्द सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की त्यांनी तो दोनदा विचारला.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "राहू द्या ना आता. गेलेल्या माणसाला एक विमान मिळालं, कुणाचं काय बिघडलं?"

"त्या बाई उद्या ते चारचौघांत सांगतील," अण्णा म्हणाले. "कुणीतरी माहीतगार भेटेल आणि परत त्या माणसाला हसतील. या वेळी आपल्यामुळे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांगितलंयस, तूच जाऊन सांग. मी बरोबर येतो, पण बोलायचं तू." त्या आठवड्यात मी फोटो ओळखायला हातात घेतला नाही. अण्णा मला एक शब्द बोलले नाहीत आणि त्याचंच मला जास्त लागलं. बोलले असते तर निदान रुसता आलं असतं.

रविवारी डाव रद्द झाला. कुलथेकाकांना निरोप गेला आणि आम्ही दोघं सिन्नरच्या एसटीत बसलो. खिडकीतून येणारा वारा तोंडावर घेत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. सरळ सांगावं की आधी माफी मागावी? आधी पेटीची थोरवी सांगावी की आधी टेम्पेस्ट मागे घ्यावं? अण्णा शेजारी बसून एसटीच्या ड्रायव्हरच्या स्टिअरिंगवरचा घासलेला भाग न्याहाळत होते. "हा डावखुरा असावा," ते मध्येच म्हणाले. मला हसूही येईना.

गिरणी लांबूनच ऐकू आली. पट्ट्याचा फटक फटक आवाज आणि पिठाचा वास. यमुनाबाईंचा मुलगा दळत होता, भुवयांपासून पायापर्यंत पांढरा. आम्ही कोण ते कळल्यावर तो हात कपड्यांना पुसून अण्णांच्या पाया पडायला वाकला. "आमच्या नानांचं नाव काढलं तुम्ही," तो म्हणाला. डबे घेऊन बसलेल्या माणसांपैकी एकजण उठून उभा राहिला आणि म्हणाला, "लढाऊ विमान होतं म्हणे. आम्ही लय हसलो त्यांना, साहेब." मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी फक्त आत चल अशी खूण केली.

मागच्या खोलीत यमुनाबाई बसल्या होत्या. भिंतीवर केरूनानांचा म्हातारपणचा फोटो, त्याला ताजा हार. आठ दिवसांत बाई वाळल्यासारख्या दिसत होत्या. आम्हाला बघून त्यांनी पाट मांडले, चहा टाकायला उठल्या. मी म्हटलं, "मावशी, आधी बसा. मला काही सांगायचंय." आणि एसटीत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मग जे होतं ते सांगितलं. की मी चुकले. नीट बघितलं नाही. मला जे विमान हवं होतं तेच मी फोटोत बघितलं. ते टेम्पेस्ट नाही, विमानच नाही, शिकायची पेटी आहे, तिला भाते असतात आणि ती जमिनीला पक्की बसवलेली असते. हे सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते, शेणाने सारवलेल्या जमिनीवरच्या बोटांच्या वळणांकडे बघत होते.

बाहेर पट्टा फटकत होता.

"म्हंजे ते उडालेच नाय?" बाईंनी अण्णांना विचारलं.

"नाही, बाई."

"हातभर सुद्धा नाय?"

"वीतभरही नाही. जागच्या जागी डुलायचं." अण्णांनी बरोबर आणलेला फोटो काढून बाईंसमोर धरला. "पण एक विचारू? नाना गोष्टी सांगायचे, त्यात कधी खालचं काही दिसायचं का? नदी, गाव, डोंगर?"

बाई विचारात पडल्या. "नाय. कायम ढगच. पोरं म्हणायची, नाना, तुमच्या त्या मुलखात उन्हाळा नव्हता का?"

"तेच तर. त्या पेटीत ढगच असतात. झाकण लावलं की दुसरं काही दिसत नाही. रोज सकाळी शिकाऊ पोरं यायच्या आधी कुणाला तरी आत बसून ती चालवून बघावी लागायची. फोटोत त्यांचा हात बघा, दांड्यावर जिथला रंग गेलाय बरोबर तिथेच पडलाय. नवशिक्याचा हात असा पडत नाही. रोज बसत असणार. काट्यावर उतरवलं म्हणायचे ते खोटं नव्हतं. फक्त ज्यातून उतरवलं ते जमिनीवरच होतं, एवढं सांगायचं राहून गेलं."

यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला रडू फुटलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात पदराआडून आवाज आला आणि तो रडण्याचा नव्हता. बाई हसत होत्या. आधी दाबून, मग पदर सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं बया," त्या म्हणाल्या, "पेटीत बसून! चार वर्षं पेटीत बसून ढगात!" मुलगा आवाज ऐकून गिरणी बंद करून आत आला आणि दारात तसाच पांढरा उभा राहिला. त्याला कळेना की आईला काय झालं.

आज माझाही, त्यांच्यासारखा चाळीसेक वर्षांचा नाही, पण बऱ्यापैकी जुना संसार आहे, आणि त्या का हसल्या ते मला कळतं. त्या दिवशी मात्र मला वाटलं होतं की मी त्यांचं काहीतरी हिरावून घ्यायला आलेय. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. आठ दिवस तुम्हाला उगाच खोटी आशा लावली."

"आशा कसली गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लय हाल केले तू माझे. रोज सकाळी दिवा लावताना मी यांच्याशी भांडायची. मेल्यावरबी सोडलं नव्हतं. दुधाचं, पोराचं, पट्ट्याचं, काय असंल ते. हे आठ दिवस तेबी बंद. निस्ता हार घालायचा आणि हात जोडायचे. एवढ्या मोठ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?"

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "हां. आता बोला."